ब्युरेट सांगेल ते लिही

ऑक्टोबर २०२५ मधली गोष्ट. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एक बाई तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली. मुलाला साधी सर्दी होती. तिने पिशवीतून खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टर, टीव्हीवर दाखवतायत ते औषध हे नाही ना? हे चांगलं आहे ना?"

मी बाटली उजेडात धरली, लेबल वाचले, मुदत पाहिली. नाव वेगळे होते, एवढेच मला खात्रीने सांगता आले. आत नेमके काय आहे, हे सांगता येणे शक्य नव्हते. वर्षानुवर्षे औषधे लिहून देणाऱ्या डॉक्टरकडेही ते ओळखण्याचे साधन नसते. रुग्ण आमच्यावर विश्वास ठेवतो आणि आम्ही लेबलावर. त्या लेबलामागे कुठल्या तरी प्रयोगशाळेत कुणी तरी प्रामाणिकपणे मोजमाप केले असेल, या भरवशावर सगळे चालते.

त्याच दिवसांत मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यातल्या अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. त्यांना दिलेल्या 'कोल्ड्रिफ' सिरपच्या एका बॅचमध्ये तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का. म्हणजे मर्यादेच्या जवळपास पाचशे पट. पाच मिलिलिटरच्या एका चमच्यात सुमारे २.४ ग्रॅम विष.

हे उद्योगांत वापरले जाणारे द्रावक आहे. रंग नाही, चव गोडसर, पाकासारखे दाट. सिरपमध्ये औषध विरघळवण्यासाठी वापरले जाणारे ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल हे पदार्थही दिसायला तसेच. डोळ्यांनी, नाकाने, जिभेने फरक कळत नाही. पोटात गेल्यावर मात्र यकृतात त्याचे विषारी आम्ल बनते आणि मूत्रपिंडाच्या नलिकांमधल्या पेशी मरू लागतात. उलट्या, पोटदुखी आणि मग लघवी बंद, असा हा क्रम असतो.

महाराष्ट्राला हे विष नवे नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्यातही हेच द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साखळीवर कठोर ताशेरे ओढले. २०२२ मध्ये गांबियात सुमारे सत्तर मुले गेली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार सिरपांबद्दल इशारा दिला होता. कच्च्या मालाची प्रत्येक बॅच तपासूनच वापरायची, हा नियम आपल्याकडे आहे. तरीही काही उत्पादक ती तपासणी करत नसल्याचे केंद्रीय औषध नियंत्रकांनीच ऑक्टोबरमध्ये राज्यांना लिहिलेल्या पत्रात नमूद केले.

अटक, परवाने रद्द, छापे हे सगळे व्हायलाच हवे. पण तपासणी सक्तीची केली की ती करणारी माणसेही लागतात. ती कुठे घडतात, हा प्रश्न या गदारोळात कुणी विचारला नाही. मला तो पडला दिवाळीत, पुतणीमुळे.

ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. विश्लेषणात्मक रसायनशास्त्र, म्हणजे एखाद्या पदार्थात काय आहे आणि किती आहे हे शोधण्याचे शास्त्र, हा तिचा एक विषय. जर्नल पूर्ण करता करता कुरकुरत होती. "काका, चार तास उभं राहायचं आणि हाती काय, तर तीन रीडिंग! तीही जुळली नाहीत म्हणून मॅडमनी परत करायला लावलं. आता हे सगळं मशीन करतं ना?"

तिने काय केले होते ते ऐका. सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण किती तीव्र आहे, ते काढायचे होते. हा पदार्थ हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, म्हणून नुसते वजन करून त्याची तीव्रता सांगता येत नाही. त्यासाठी ऑक्झॅलिक आम्लासारखा शुद्ध, वजनाला भरवशाचा पदार्थ घ्यायचा, त्याचे प्रमाण द्रावण करायचे आणि त्याच्याशी ताडून पाहायचे. काचेच्या ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत राहायचे. फ्लास्कमधले रंगहीन द्रावण फिकट गुलाबी झाले आणि रंग टिकला, की थांबायचे. डोळा द्रवाच्या पातळीला आणून खालच्या वक्राचा आकडा वाचायचा. एक थेंब जास्त पडला तर गुलाबी गडद होतो आणि रीडिंग वाया जाते. मग पुन्हा. दोन-तीन आकडे जुळेपर्यंत पुन्हा.

दिसायला हे क्षुल्लक आहे. पण या चार तासांत चार गोष्टी हाताला कळतात. पहिली, मोजायला विश्वासू मापदंड लागतो आणि तो मापदंडही आधी तपासावा लागतो. दुसरी, एका रीडिंगवर विसंबायचे नाही. तिसरी, नमुना न घालता एकदा तोच प्रयोग करून पाहायचा, म्हणजे पाण्याची किंवा रसायनाची चूक नमुन्याच्या माथी बसत नाही. आणि चौथी, वहीत लिहिलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही. चुकला तर एक रेघ मारून शेजारी नवा लिहायचा.

पहिल्या वर्षाचा विद्यार्थी डायएथिलीन ग्लायकॉल शोधू शकणार नाही, हे खरे. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. प्राथमिक चाळणीसाठी पातळ थराची क्रोमॅटोग्राफी ही त्याहून स्वस्त पद्धत आहे. पण यंत्रालाही ओळखीसाठी शुद्ध नमुना द्यावा लागतो. तो माणूसच तोलतो, माणूसच पातळ करतो. तिथे चूक झाली, तर यंत्र चुकीचा आकडा तितक्याच सुबक अक्षरांत छापून देते.

रुग्णालयात आम्ही हे रोज अनुभवतो. रक्तातले पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावे. एखाद्या ठणठणीत दिसणाऱ्या रुग्णाचा अहवाल ७ येतो. इतके पोटॅशियम खरे असेल तर हृदय थांबू शकते. पण रक्त काढताना पेशी फुटल्या तरीही आकडा असाच वाढतो. चांगला तंत्रज्ञ असा आकडा पाहून थबकतो. रक्तद्रवाला लालसर छटा आहे का पाहतो, वॉर्डात फोन करतो, नवा नमुना मागवतो. ही थबकण्याची सवय यंत्रासोबत विकत मिळत नाही.

माझी स्वतःची सवय कशी सुधारली, तेही सांगतो. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी जीवरसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मी शेजाऱ्याच्या वहीतले रीडिंग उतरवले आणि उत्तरापासून उलटे गणित करून बाकीचे आकडे बसवले. सगळे असेच करतात, हा समज होता. सरांनी त्या दिवशी प्रत्येकाला वेगळ्या तीव्रतेचा नमुना दिला होता. माझी वही पाहून ते ओरडले नाहीत. "उत्तर चुकलं असतं तर शिकवलं असतं. तू तर चूक करायची संधीही घेतली नाहीस. ब्युरेट सांगेल ते लिही." त्यानंतर मला पूर्ण दुपार एकट्याने तो प्रयोग करावा लागला. आजही रक्तदाब मोजल्यावर १३८ आला तर मी १३८ लिहितो, सोयीसाठी १४० करत नाही. त्याचे मूळ त्या दुपारी आहे.

तपासणी न करता 'योग्य' असा शेरा मारणे आणि प्रयोग न करता रीडिंग भरणे, यांत जात एकच आहे. फरक फक्त परिणामाचा. म्हणून प्रॅक्टिकलची आजची अवस्था हा आरोग्याचा प्रश्न आहे, असे मला वाटते. अकरावी-बारावीला प्रवेश परीक्षांच्या क्लासमुळे कित्येक मुले प्रयोगशाळेचे तोंड पाहत नाहीत. जर्नल उतरवून होते, गुण मिळून जातात. पुढे पदवीला अनेक ठिकाणी एका ब्युरेटमागे चार-पाच जण असतात. एक जण नळ फिरवतो, एक जण आकडा वाचतो, बाकीचे उतरवतात. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे शिक्षक एका कॉलेजातून दुसऱ्याकडे धावतात, प्रयोगशाळा सहायक नाही. अशा वेळी रीडिंग जुळेपर्यंत पुन्हा करायला लावणारी मॅडम भेटणे हे पुतणीचे नशीबच.

यावर उपाय फार खर्चिक नाहीत. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र ब्युरेट आणि वेगळा, अज्ञात नमुना द्या. गुण अपेक्षित उत्तराला न देता जुळणाऱ्या रीडिंगना आणि स्वच्छ, खाडाखोड न लपवणाऱ्या नोंदीला द्या. आणि नमुने गावातून आणा. घरातल्या मिठात आयोडीन किती, हे याच ब्युरेटने थायोसल्फेट वापरून काढता येते. ग्राहकापर्यंत पोहोचताना मिठात ते दशलक्ष भागांत किमान १५ भाग असावे, असा निकष आहे. विहिरीच्या पाण्याचा कठीणपणा, नळाच्या पाण्यातले क्लोरीन, क जीवनसत्त्वाच्या गोळीत खरोखर किती क जीवनसत्त्व आहे, हेही पहिल्या वर्षाच्या आवाक्यातले प्रयोग आहेत. आपण मोजलेला आकडा कुणाच्या तरी पोटात जाणाऱ्या गोष्टीचा आहे, हे कळले की मुले तो उतरवून घेत नाहीत. अशी मुले पुढे औषध आणि अन्न प्रयोगशाळांत यायची, तर तिथल्या जागाही वेळेवर भरायला हव्यात.

तोवर घरी काय करायचे? दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याचे सिरप देऊच नका. पाच वर्षांपर्यंतही सहसा गरज नसते. मेडिकलमधून आपल्या मनाने किंवा जुन्या चिठ्ठीवर आणू नका. बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. कोमट पाणी, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि एक वर्षावरील मुलाला थोडा मध पुरतो. कुठलेही औषध दिल्यावर मुलाला सतत उलट्या होऊ लागल्या, ते सुस्त झाले किंवा सहा ते आठ तास लघवीच झाली नाही, तर थेट रुग्णालय गाठा. बाटली फेकू नका, सोबत आणा. तिच्यावरचा बॅच क्रमांक पुढच्या मुलाचा जीव वाचवू शकतो.

त्या बाईला मी हेच सांगितले आणि सिरप बंद केले. आठवड्याने ती परत आली, मुलगा ओपीडीभर पळत होता.

पुतणी दिवाळीनंतर कॉलेजला परतली. परवा तिचा मेसेज आला: "काका, आज घरचं मीठ नेलं होतं. तीन रीडिंग जुळली. पुसलं काही नाही."