‘मग त्यांच्या मुलांचं काय?’

मैत्रिणींनो, घरात दीड-दोन वर्षांचं मूल असेल तर मिस रेचल कोण हे तुम्हांला सांगायला नकोच. केसांना गुलाबी पट्टी, अंगात निळी डुंगरी, आणि ‘म-म-म’ म्हणताना ओठ कसे मिटायचे ते अगदी जवळ येऊन दाखवायचं! आपली भाजी फोडणीला पडून शिजेपर्यंत ही अमेरिकन बाई नातवंडाला गुंतवून ठेवते. मुळात ती न्यूयॉर्कमधली संगीत शिकवणारी शिक्षिका. स्वतःचा मुलगा उशिरा बोलायला लागला, म्हणून २०१९ मध्ये तिनं हे व्हिडिओ सुरू केले. अशा बाईशी कुणाचं काय भांडण असणार?

पण झालं. मे २०२४ मध्ये तिनं जाहीर केलं, की पैसे भरणाऱ्यांच्या मुलांसाठी मी खास व्हिडिओ करून देईन आणि ते पैसे ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेला जातील. गाझा, सुदान, काँगो आणि युक्रेनमधल्या मुलांसाठी. काही तासांत पन्नास हजार डॉलर जमले, आणि शिव्याही जमल्या. नावं चार ठिकाणांची होती, पण लोकांना एकच दिसलं. ‘इस्रायलच्या मुलांचं काय? तेव्हा कुठं होतीस?’ बिचारीनं रडत रडत आणखी एक व्हिडिओ केला. एप्रिल २०२५ मध्ये तर ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या तिथल्या एका संघटनेनं थेट अ‍ॅटर्नी जनरलला पत्र लिहिलं, की हिला हमासच्या प्रचारासाठी कुणी पैसे देतं का ते तपासा. तिनं आरोप साफ नाकारला.

आता दुसरी बाजू पहा. ‘वंडर वुमन’ झालेली गॅल गॅडॉट मूळची इस्रायलची. मे २०२१ मध्ये गाझा आणि इस्रायलमध्ये लढाई पेटली, तेव्हा तिनं लिहिलं की माझ्या देशाला स्वतंत्र आणि सुरक्षित राहण्याचा हक्क आहे, आणि आमच्या शेजाऱ्यांनाही तो आहे. झालं! ‘शेजारी’ काय म्हणतेस, पॅलेस्टाइन म्हणायला जीभ रेटत नाही का? गाझाच्या मुलांचं काय? शेवटी तिनं खाली लोकांनी लिहायची सोयच बंद करून टाकली. म्हणजे प्रश्न तोच, फक्त विचारणारे बदललेले.

हा झगडा काही मोबाइलनं आणलेला नाही बरं का. एप्रिल १९७८ मध्ये व्हनेसा रेडग्रेव्हला ‘ज्युलिया’ चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं. पॅलेस्टिनींवर तिनं माहितीपट काढला होता, म्हणून बाहेर तिचे पुतळे जाळले जात होते. व्यासपीठावरून तिनं त्या निदर्शकांना ‘झायनिस्ट गुंड’ म्हटलं, आणि त्याच भाषणात ज्यूद्वेषाविरुद्ध लढत राहण्याचं वचनही दिलं. लोकांच्या लक्षात राहिलं ते पहिलं वाक्य. त्याच रात्री पॅडी चायेफ्स्की या लेखकानं तिला स्टेजवरूनच सुनावलं. गुंड हा शब्द वापरायला नको होता असं माझंही मत आहे. पण दुसरं वाक्य ऐकायचंच नाही, हा कुठला न्याय?

आणि आपल्याकडे? २६ मे २०२४ च्या रात्री रफाह इथं विस्थापितांच्या तंबूंवर इस्रायलचा बॉम्बहल्ला झाला, चाळीसच्या वर माणसं गेली. त्यानंतर ‘सगळ्यांचे डोळे रफाहकडे’ अशा अर्थाचं एक चित्र जगभर कोट्यवधी लोकांनी पुढे पाठवलं. आपल्या माधुरी दीक्षितनंही ते टाकलं, रोहित शर्माच्या पत्नीनंही. ‘काश्मिरी पंडितांच्या वेळी गप्प का होतीस?’ म्हणून गदारोळ झाला. दोघींनी चित्र काढून टाकलं, तर काढलं म्हणून दुसऱ्या गोटाचा राग! गंमत म्हणजे, गंमत कसली, दुःखाचीच गोष्ट, ते चित्र संगणकानं बनवलेलं होतं. त्यात ना खरा तंबू, ना खरं माणूस.

मिरजेच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय, त्यावरूनच हे सगळं लिहायला बसले. त्यांच्या घरच्या ग्रुपवर धाकट्या जाऊबाईंनी ढिगाऱ्यातल्या मुलाचा फोटो टाकला. भाऊजींनी खाली लिहिलं, ‘त्यांच्या मुलांचं काय?’ त्यावर नणंदेनं काहीतरी टाकलं. गौरीच्या सणालाही दोघी एकमेकींशी धड बोलल्या नाहीत. ‘मी ग्रुप सोडू का?’ असं त्या विचारतात.

सोडू नका. भाऊजींचा प्रश्न खोटा नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसं मारली गेली, २५१ ओलीस नेली गेली. त्यात नऊ महिन्यांचं एक बाळ होतं, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये शवपेटीतून परत आलं. आणि गाझाच्या आरोग्य खात्याच्या हिशेबानं २०२५ संपेपर्यंत तिथं सत्तर हजारांवर माणसं गेली, त्यांत मुलं हजारांनी. पण हा प्रश्न बाँब टाकणाऱ्याला, ओलीस नेणाऱ्याला विचारायचा. चार पैसे गोळा करणाऱ्या बाईला तो विचारला की त्यातून एकाही मुलाला दूध मिळत नाही, फक्त बाई गप्प होते. ज्याला दोन्हीकडच्या मुलांची खरंच काळजी आहे तो ‘आणि’ म्हणतो, ‘मग’ म्हणत नाही.

जाऊबाईंना ग्रुपवर उत्तर देऊ नका, दुपारी निवांत फोन करा. फोटो कुठला, कधीचा, एवढंच विचारा. सीरियातल्या युद्धाचे जुने फोटो गाझाचे म्हणून कितीतरी फिरले. व्हिडिओ गेममधली लढाईसुद्धा खरी म्हणून खपली. फोटो खरा निघाला तर तसं भाऊजींनाही सांगा.

आणि अलिबाग-पनवेलकडच्या मैत्रिणींना शनवार तेली आठवत असतील. तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी काम बंद ठेवणारी बेने इस्रायल मंडळी. त्यांच्यातली बरीच घरं १९४८ नंतर तिकडे गेली. अश्दोद, लोद, दिमोना या गावांत अजून मराठी बोलणाऱ्या आज्या आहेत. अश्दोद गाझापासून फार लांब नाही, रॉकेटचे भोंगे तिथंही वाजतात. तुम्ही पाठवलेला मजकूर फिरत फिरत त्यांच्यातल्या एखादीच्या फोनवर पोचतो आणि तिला तो वाचता येतो, कारण तो मराठीत असतो.