तो गणवेश कुणी शिवला?

आमच्या केंद्रात शिवणकाम करणारी एक मैत्रीण गेल्या डिसेंबरात खाकी कापड घेऊन आली. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात वेशभूषा स्पर्धा होती आणि एका आईने तिच्याकडे मुलासाठी हिटलरचा पोशाख शिवायला टाकला होता. सोबत एक छापलेलं चित्र. बाहीवर लाल पट्टा, त्यावर पांढरं वर्तुळ, वर्तुळात काळं स्वस्तिक. तिने विचारलं, “ताई, हा कोण पुढारी? आणि आपलं स्वस्तिक असं तिरकं का काढलंय?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातल्या त्यात सोपं. आपण उंबऱ्याशी, रांगोळीत काढतो ते चिन्ह फार जुनं आहे. नाझी पक्षाने १९२० साली तसलंच चिन्ह आपल्या झेंड्यावर घेतलं आणि १९३५ मध्ये तोच जर्मनीचा राष्ट्रध्वज झाला. त्या राजवटीने सुमारे ६० लाख ज्यूंना मारलं. शिवाय रोमा आणि सिंती, अपंग, राजकीय विरोधक, सोव्हिएत युद्धकैदी यांनाही. त्यामुळे आपल्या रांगोळीला बट्टा लागत नाही. पण लाल पट्ट्यावर, लष्करी बाहीवर आलं की ते आपलं स्वस्तिक उरत नाही.

पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ लागला. कारण ‘पोशाखच तर आहे, त्यात काय एवढं?’ असं म्हणणारे जगभर आहेत. जानेवारी २००५ मध्ये ब्रिटनचा राजपुत्र हॅरी एका मेजवानीला नाझी सैनिकाच्या वेशात, बाहीवर स्वस्तिकाचा पट्टा बांधून गेला. मेजवानीचा विषय होता ‘वसाहतवाले आणि नेटिव्ह’! त्याच महिन्यात आउश्वित्झ छळछावणीच्या मुक्ततेला ६० वर्षं पूर्ण होत होती. त्याला माफी मागावी लागली. ऑक्टोबर २०१६ मध्ये जपानमधल्या एका लोकप्रिय गायनगटातल्या तरुण मुली नाझी गणवेशाशी मिळतेजुळते काळे पोशाख आणि टोप्या घालून रंगमंचावर आल्या. अशा गटात मुलींनी काय घालायचं हे बाजार ठरवतो. नंतर संगीत कंपनीने माफी मागितली. त्याच वर्षी डिसेंबरात तैवानमधल्या एका शाळेतल्या मुलांनी नाझी वेशात, पुठ्ठ्याचा रणगाडा घेऊन मिरवणूक काढली. मुख्याध्यापकांना पद सोडावं लागलं.

आपणही नामानिराळ्या राहू शकत नाही. २००६ साली नवी मुंबईत खारघरला ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचं उपाहारगृह निघालं. इथल्या ज्यू समाजाने निषेध केल्यावर ते नाव बदललं गेलं. याच समाजातले बेने इस्रायली पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले आहेत, आपले शेजारी आहेत. त्यांना त्या पाटीखालून जाताना काय वाटलं असेल, हे आधी कुणाच्या मनात आलं नाही. २०११ मध्ये घर सांभाळणाऱ्या एका करारी मुलीवरच्या हिंदी मालिकेचं नाव होतं ‘हिटलर दीदी’. ठामपणे बोलणाऱ्या बाईला हिटलर म्हणायचं, म्हणजे बाईचा ठामपणा हा जुलूम ठरतो आणि खरा जुलूम घरगुती विनोद होऊन बसतो.

गंमत म्हणून घालणाऱ्यांखेरीज दुसरा गट आहे ‘इतिहासप्रेमीं’चा. युरोप-अमेरिकेत जुन्या लढायांचे देखावे उभे करण्याचा छंद आहे. हुबेहूब गणवेश, हुबेहूब बिल्ले, शनिवार-रविवार मैदानात तंबू. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात रिच आयोट हा रिपब्लिकन पक्षाचा संसदेचा उमेदवार असाच वाफेन एसएसच्या गणवेशातल्या छायाचित्रांमुळे अडचणीत आला. आपल्याला केवळ इतिहासात रस आहे, मुलाबरोबर वेळ घालवता येतो म्हणून हे करतो, असं त्याचं म्हणणं होतं. तो निवडणूक हरला.

या हुबेहूबपणाबद्दलच मला बोलायचं आहे. बटण कुठलं, शिवण कुठली, याचा हे लोक इतका अभ्यास करतात, मग ते कपडे शिवले कुणी, हे का विचारत नाहीत?

बर्लिनच्या उत्तरेला राफेन्सब्रुक नावाचं गाव आहे. मे १९३९ मध्ये तिथे खास स्त्रियांसाठी छळछावणी सुरू झाली. १९४५ पर्यंत सुमारे १,२०,००० स्त्रिया आणि मुलं तिथे कैद होती. ज्यू, रोमा, कम्युनिस्ट, पोलंड आणि फ्रान्समधल्या भूमिगत कार्यकर्त्या, आणि ‘समाजविघातक’ असा शिक्का मारलेल्या बायका. या शेवटच्या गटात वेश्याव्यवसायातल्या होत्या, बेघर होत्या. छावणीला लागून एसएसच्या मालकीचे शिवणकामाचे कारखाने होते. तिथे कैदी बायका दिवसपाळी-रातपाळीत एसएसचे गणवेश शिवत. ठरलेले नग पूर्ण झाले नाहीत तर मार पडे. कैद्यांचे पट्टेरी कपडेही तिथेच शिवले जात. म्हणजे मारणाऱ्याचा आणि मरणाऱ्याचा, दोघांचे कपडे त्याच बायकांच्या हातून.

खासगी कारखानदारही मागे नव्हते. ह्यूगो बॉसच्या कारखान्यात नाझींचे गणवेश शिवायला सुमारे १४० सक्तीचे कामगार होते, त्यात बहुसंख्य स्त्रिया. २०११ मध्ये कंपनीनेच करवून घेतलेला अभ्यास प्रसिद्ध झाला आणि कंपनीने खेद व्यक्त केला. ‘नाझी लोक क्रूर असतील, पण कपडे काय रुबाबदार!’ असं म्हणताना आपण या बायकांच्या वेठबिगारीलाच दाद देत असतो.

इथे एक अवघड गोष्टही मान्य करायला हवी. राफेन्सब्रुकमध्ये पहारेकरीही स्त्रियाच होत्या. तीन हजारांहून अधिक जणींना तिथे तयार केलं गेलं. त्यातल्या अनेक साध्या कामगार घरांतल्या होत्या. नोकरी, पगार, राहायला खोली आणि अंगावर गणवेश मिळाला. बाई आहे म्हणून ती आपोआप पीडितेच्या बाजूला उभी राहते, असं नाही. गणवेशाची भूल बाईलाही पडते. म्हणूनच हा प्रश्न आपला आहे.

मग नाटकात, चित्रपटात नाझी दाखवूच नयेत का? तसं मी म्हणत नाही. फ्रान्समध्ये असे गणवेश आणि बिल्ले चारचौघांत घालणं गुन्हा आहे, पण चित्रपट, नाटक, ऐतिहासिक प्रदर्शन यांना सूट आहे. जर्मनीतही ही चिन्हं मिरवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कला, संशोधन, शिक्षण यांसाठी अपवाद आहे. आपल्यापुरती कसोटी साधी ठेवू या: या देखाव्यात जिच्यावर जुलूम झाला ती कुठे आहे? ती दिसत असेल, तिचं म्हणणं ऐकू येत असेल, तर तो इतिहास. ती गाळून नुसते बूट, टोपी आणि ऐट उरली असेल, तर ती जुलमाची जाहिरात.

आपल्या बैठकांत, शाळांच्या पालकसभांत हा विषय काढायला हवा. मुलांना रागावण्यापेक्षा, तो वेश निवडणाऱ्या मोठ्यांशी बोलायला हवं.

हे सगळं ऐकून माझ्या मैत्रिणीने एकच विचारलं, “त्यांना नगामागे काय मिळायचं?” काही नाही, मी म्हटलं. ती गप्प बसली. तिने शर्ट-पँट शिवून दिली, कापड आलं होतं, मजुरी हवी होती. पट्टा मात्र शिवला नाही. त्या बाईंनी मजुरीतले पन्नास रुपये कापले. तिला ते पन्नास रुपये परवडणारे नव्हते. आपल्यातल्या कितीजणी असे पन्नास रुपये सोडतील?