दौंडचा फलाट आणि विमानातले ताट

लांब पल्ल्याच्या विमानात इकॉनॉमी वर्गाच्या प्रवाशापुढे येणारे जेवण हा चेष्टेचा हक्काचा विषय झाला आहे. गार पाव, फॉइलखाली घाम सुटलेला भात, चमचाभर डाळ. अशा प्रत्येक छायाचित्राखाली एक ठरलेली हळहळ असते: ‘पूर्वी विमानात काय थाट असे!’ जुन्या जाहिरातींतील चांदीचे काटेचमचे, पांढरीशुभ्र मेजपोस, अदबीने वाकलेला सेवक हे सारे खरे आहे. हळहळ मात्र इतिहासाला धरून नाही. आज तिसाव्या रांगेत बसणाऱ्याच्या आजोबांच्या वाट्याला तो थाट कधी आलाच नव्हता. त्यांच्या प्रवासातील अन्नाचा इतिहास शोधायचा, तर विमानतळाऐवजी दौंड जंक्शनच्या फलाटावर जावे लागते.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५८ मध्ये पुण्यास आणि दौंडवरून पुढे १८६० मध्ये सोलापुरास पोहोचला. १८७१ मध्ये रायचूरला तो मद्रासच्या मार्गास मिळाला. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि इंग्रजी वेळापत्रकांतील हे ‘धोंड’ खरेखुरे जंक्शन बनले. शेजारच्या शिरूरला, एके काळी इंग्रजांची छावणी असूनही, रेल्वे आली नाही. ती आजही नाही. घोडनदीकाठच्या माणसाला गाडी धरायची तर पुणे, दौंड किंवा नगर गाठावे लागे. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे तोंड दौंडला फिरत असे. इंजिन एका टोकाचे सोडून दुसऱ्या टोकास जोडेपर्यंत डब्यातील माणसाला खाली उतरून काही खाण्यापिण्याची सवड मिळे.

गाडी एक, इंजिन एक, वेग एक. पहिल्या वर्गाचा साहेब तिसऱ्या वर्गाच्या शेतकऱ्यापेक्षा एक मिनिटही आधी सोलापूरला पोहोचत नसे. मग जादा भाडे कशाचे? जागेचे आणि ताटाचे. वरच्या वर्गासाठी मोठ्या स्थानकांवर उपाहारगृहे होती. केलनर, स्पेन्सर, ब्रँडन यांसारख्या कंपन्या ती चालवीत. तिसऱ्या वर्गासाठी फलाटावरचा फेरीवाला आणि घरून आणलेली शिदोरी.

१९१७ च्या सप्टेंबरात गांधीजींनी मुंबई ते मद्रास हा प्रवास तिसऱ्या वर्गाने केला आणि त्यावर लेख लिहिला. रायचूरमार्गे जाणारी ती वाट दौंडवरूनच जाते. बावीस जणांच्या डब्यात पस्तीसहून अधिक माणसे कोंबलेली होती. फलाटावरच्या खाद्यपदार्थांचा आणि चहा म्हणून मिळणाऱ्या गढूळ पाण्याचा त्यांनी केलेला पंचनामा वाचल्यावर विमानातील डाळ पक्वान्न वाटू लागते. त्यांचा खरा प्रश्न मात्र चवीचा नव्हता, हिशेबाचा होता. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून थोडे अधिक होते. मग तिसऱ्या वर्गास पहिल्याच्या एक पंचमांश, निदान एक दशांश तरी सोय मिळते काय? हा प्रश्न आजच्या विमान कंपन्यांनाही विचारता येईल.

दख्खनच्या राणीच्या भोजनयानाचे कौतुक प्रत्येक मराठी घरात होते. ती गाडी १ जून १९३० रोजी धावू लागली. तिला तिसऱ्या वर्गाचा डबा जोडला गेला तो १९५५ मध्ये. ज्या पंचवीस वर्षांच्या आठवणींवर तिची कीर्ती उभी आहे, त्या काळात सामान्य माणूस ती गाडी बाहेरूनच पाहत होता.

विमानाची कथाही याच रुळावरून जाते. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा विमानात स्वस्त वर्ग ही कल्पनाच रुजलेली नव्हती. १९५२ मध्ये अटलांटिकवर ‘टूरिस्ट’ वर्ग आला आणि १९५८ मध्ये ‘इकॉनॉमी’. त्या वर्षी जे घडले ते विनोदी वाटले तरी गंभीर आहे. भाडी ठरवणाऱ्या ‘आयाटा’ या कंपन्यांच्या संघटनेने नवा नियम केला: इकॉनॉमीच्या प्रवाशाला फक्त सँडविच द्यावे. स्कँडिनेव्हियन कंपनीने पावाच्या चकतीवर मांस, मासे, भाज्या असे भरघोस रचून ‘हेही सँडविचच’ असा पवित्रा घेतला. अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमने तक्रार केली. प्रकरण इतके तापले की सँडविच म्हणजे काय यावर संघटनेला खल करावा लागला, आणि प्रवाशाला चांगले खाऊ घातल्याबद्दल त्या कंपनीला दंड झाला.

म्हणजे इकॉनॉमीतील साधे जेवण ही पुढे आलेली घसरण नव्हे. त्या वर्गाच्या जन्मापासूनची ती अट आहे. उंचीवर कोरड्या हवेत आणि यंत्रांच्या घरघरीत मीठ-साखरेची चव मंदावते, हे खरेच. पण पडद्यापलीकडच्या बिझनेस वर्गातही हवा तीच असते.

एवढ्यावरून ‘बरी होती आपली शिदोरी’ असे म्हणून गहिवरणाऱ्यांनी मात्र मसूर स्थानक आठवावे. १९०१ मध्ये सुमारे दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर घरातील मुलांसह साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाले आणि मसूरला उतरले. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा नूर पालटला. दुप्पट भाडे कबूल करूनही गाडीवान बैलगाडी हाकायला तयार नव्हता. ती मुलांनीच हाकली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी त्या रात्रीचे वर्णन केले आहे. डब्यात घरचे अन्न भरपूर होते, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही, आणि मुले उपाशी झोपली.

शिदोरीच्या गोडव्याला हा तळ आहे. स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे असे. पाणी कोणी, कोणाला, किती उंचावरून द्यायचे हे तिकिटावर ठरत नसे. त्या पार्श्वभूमीवर विमानातील फिकट ताटाकडे पुन्हा पाहावे. पडद्याच्या अलीकडे ते सर्वांना सारखे मिळते. शिरूरचा बागायतदार, दौंडच्या रेल्वे वसाहतीत वाढलेली परिचारिका आणि शेजारचा अनोळखी परदेशी एकाच ढकलगाडीवरून, एकाच हाताने वाढले जातात. आडनाव विचारले जात नाही. तिकिटावर ‘हिंदू मील’, ‘मुस्लिम मील’ अशा सोयी आजही नोंदवता येतात. पण ती निवड प्रवासी स्वतः करतो, फलाट त्याच्यावर लादत नाही. वर्गाची विषमता पैशाची असते आणि ती खटकायलाच हवी. तरीही तिसाव्या रांगेतील ही समता भारतीय प्रवासाच्या इतिहासात फार उशिरा आलेली आहे. ‘काय हे जेवण!’ म्हणून नाक मुरडताना तेवढे भान असावे.

आणि त्याच रांगेत कुणी आजी पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढू लागली, तर शेजारच्या नातवाने ओशाळू नये. आजी दौंडच्या फलाटावरची जुनी पद्धतच पाळत असते, आणि आता तिला पाणी मागितल्यावर मिळते. कोरडी शिदोरी सुरक्षातपासणीतून सहसा सुटते. २००६ पासून शंभर मिलिलिटरच्या नियमात अडकते ती लोणच्याची बरणी.