रोज सकाळी उमासे, रिपोर्ट मात्र नॉर्मल : विडी वस्त्यांत कुणी न विचारणारा प्रश्न

सोलापूर : सकाळी तोंड धुवायला बसलं की पोटातून ढवळून येतं. घशाला उबळ येते, डोळ्यांत पाणी येतं, पण पडत काहीच नाही. थोडी थुंकी, फार तर पिवळं पाणी. चार-पाच उमासे येऊन गेले की माणूस गळून जातो आणि तासाभरात पुन्हा कामाला लागतो. एक-दोन दिवस असं झालं तर कुणी मनावर घेत नाही. महिनोन् महिने होत राहिलं की मग फेऱ्या सुरू होतात. गावातला डॉक्टर 'पित्त आहे' म्हणतो, इंजेक्शन देतो, कधी सलाईन लावतो. फरक पडला नाही की सोलापूरला नेतात. सोनोग्राफी होते, दुर्बिणीची तपासणी होते, रक्त तपासतात. सगळं नॉर्मल. शेवटी 'काही नाही, मनाचं आहे' असं ऐकून पेशंट घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोरीत ओकाऱ्या काढत बसतो.

हा विषय आता घ्यायचं कारण म्हणजे कामगार कायदे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ४० वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी होणार, असं सरकारने त्या वेळी जाहीर केलं. विडी कामगारांचाही त्यात वेगळा उल्लेख आहे. सोलापूर जिल्ह्यासाठी ही छोटी गोष्ट नाही. पण तपासणी म्हणजे वजन, बीपी, शुगर आणि फोटो एवढंच होणार असेल, तर या उमाशांचं कारण तिथेही सापडणार नाही. त्यासाठी मशीन लागत नाही, दोन प्रश्न विचारावे लागतात. तुम्ही काम काय करता? आणि सकाळी दाताला काय लावता?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दक्षिण सोलापुरातल्या कुंभारीकडे गेलं की समजतं. गोदूताई परुळेकर यांच्या नावाने उभी राहिलेली विडी कामगारांची १० हजार घरांची वसाहत इथलीच. शेजारीच असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा रे नगर प्रकल्प आहे. त्यातल्या १५ हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दिला गेला. सोलापूरच्या या धंद्यात हजारो बायका आहेत, आणि बहुतेक काम कारखान्यात होत नाही, घरात होतं. पानं आणि तंबाखू घरी आणायची, पानं भिजवायची, कातरायची, सूप मांडीवर घ्यायचं आणि हजाराचा हिशोब पुरा होईपर्यंत विड्या वळायच्या. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत लेकरं, रात्री त्याच खोलीत झोप. तंबाखूची पिशवी उशाशी.

तंबाखूतलं निकोटिन फक्त खाल्ल्यानेच अंगात जातं असं नाही. ते कातडीतूनही शिरतं, आणि हात ओले किंवा घामेजलेले असतील तर जास्त शिरतं. तंबाखूच्या शेतात ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, चक्कर येते, हे जगभरातल्या डॉक्टरांना माहीत आहे. वाळलेल्या तंबाखूची बारीक धूळ नाकातोंडातून जाते ती वेगळीच. विडी कामगारांच्या लघवीत निकोटिनपासून तयार होणारं कोटिनीन सापडतं, हे मुंबईच्या टाटा स्मारकच्या संशोधकांनी काही दशकांपूर्वीच दाखवलं आहे. हे निकोटिन मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चेतवतं. म्हणजे एखादी बाई 'मी तंबाखूला हातसुद्धा लावत नाही' म्हणते तेव्हा ती खाण्याबद्दल बोलत असते. हात तर तिचा दिवसभर तंबाखूतच असतो!

दुसरा प्रश्न मिसरीचा. कुणी मशेरी म्हणतं. तव्यावर काळा भाजलेला तंबाखू, बोटाने दाताला घासायचा. याला आपल्याकडे व्यसन म्हणतच नाहीत, दात घासणं म्हणतात. म्हणून दवाखान्यात 'काही तंबाखू वगैरे?' असं विचारलं की बाई सरळ 'नाही' सांगते, आणि ती खोटं बोलत नसते. सासू लावते, जाऊ लावते, सकाळी त्याशिवाय पोट साफ होत नाही. उपाशीपोटी, घशाच्या तोंडाशी, भाजलेला तंबाखू. याने उमासे येणार नाहीत तर काय होणार? निकोटिनने अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते, त्यामुळे जठरातलं आंबट वर येतं, आणि घसा आणखी हुळहुळा होतो. पुरुषांत हेच काम मावा आणि गुटखा करतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, हे वाचून हसू येईल, पण आहे.

फसवणूक अशी की मिसरी लावली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. रात्रभर निकोटिन मिळालेलं नसतं, सकाळी जीव कासावीस होतो, मिसरीने तो थांबतो. त्यामुळे बाईला वाटतं की मिसरी औषध आहे. सोडायला घेतली की पहिले काही दिवस चिडचिड, डोकं जड, पोट बांधल्यागत होतं, कधी मळमळ वाढतेसुद्धा. बहुतेकींचा प्रयत्न तिथेच फसतो. एकदम जमत नसेल तर आधी रात्रीची बंद करा, मग दुपारची, सकाळची शेवटी. पोट साफ होण्यासाठी कोमट पाणी, भाजी, भिजवलेले मनुके चालतात. १८००-११-२३५६ ही सरकारची तंबाखू सोडवणारी मोफत फोनसेवा आहे. घरातली सून गरोदर असेल तर मात्र थांबू नका, कारण मिसरीने बाळाचं वजन कमी भरतं.

जिल्ह्यात विडीइतकीच मोठी दुसरी गोष्ट आहे, फवारणी. द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागेत फवारे किती होतात ते शेतकऱ्याला सांगायला नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेवढं टोक गाठायच्या आधीही शरीर सांगत असतं. फवारणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उमासे, तोंडाला पाणी सुटणं, घाम, अंधुक दिसणं असा ठरावीक मेळ बसत असेल तर ते पित्त नाही. कपडे बदला, साबणाने अंग धुवा, आणि श्वास लागला किंवा अंग थरथरलं तर १०८ ला फोन करा. जाताना औषधाची बाटली किंवा डबा सोबत न्या, डॉक्टरला त्यावरचं नाव लागतं.

आता ज्यांचा तंबाखूशी आणि फवारणीशी संबंध नाही त्यांचं काय? कारणं बरीच आहेत आणि त्यातली पुष्कळ साधी आहेत. रात्री दहाला जेवून लगेच आडवं होणाऱ्याला आंबट घशाशी येतं. नाकातलं पाणी झोपेत मागून घशात उतरतं आणि सकाळी कफ काढताना उबळ येते, धुळीत काम करणाऱ्यांना हे फार. मेडिकलमधून घेतलेल्या अंगदुखीच्या गोळ्या जठर खरवडतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पिशवीत या गोळ्यांचं पाकीट असतंच. शुगरची मेटफॉर्मिन, रक्तवाढीची लोहाची गोळी यांनीही मळमळतं, ती जेवणानंतर घेतली की बऱ्याचदा त्रास कमी होतो. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका. जुन्या शुगरमध्ये जठर सुस्त होतं, अन्न पुढे सरकत नाही. पाळी चुकली असेल तर आधी गरोदरपणाची तपासणी, हे वेगळं सांगायला नको.

एक कारण मात्र लपून राहतं, किडनी. किडनी कमजोर झाली की रक्तात घाण साठते आणि सकाळची मळमळ, उमासे, अन्नावरची वासना उडणं हे सुरुवातीला दिसतं. बीपी किंवा शुगर असलेल्या माणसाला पित्ताच्या कॅप्सूल देत बसण्यापेक्षा एकदा क्रिएटिनीन आणि लघवी तपासणं शहाणपणाचं. दुर्बिणीच्या तपासणीपेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे, पण क्रमात ते मागे पडतं.

काही खुणा असल्या तर 'बघू पुढच्या बाजारी' म्हणायचं नाही. वजन उतरतंय, घास अडकतोय, उलटीत रक्त किंवा कॉफीसारखं काळं पडतंय, शौचाला डांबरासारखं काळं होतंय, डोळे पिवळे झालेत, पायावर सूज येऊन लघवी कमी झाली, सकाळी उठल्या उठल्या डोकं फुटायला लागून उलटी होते. यातलं एक जरी असलं तरी डॉक्टरकडे. आणि पन्नाशीच्या माणसाला अचानक मळमळ, दरदरून घाम, छातीत किंवा जबड्यात दाब असं झालं तर सोडा पाजत बसू नका, ते हृदयाचं असू शकतं.

यातलं काहीच नाही, रिपोर्ट खरोखर नॉर्मल, तरी त्रास चालू, असेही बरेच जण असतात. त्यांना 'नाटक करतोय' म्हणणं हा अन्याय आहे. उमासा ही शरीराची राखण आहे, घशात नको ते जाऊ नये म्हणून. आधी कधीतरी त्याला खरं कारण असतं, मोठा ताप, पित्ताचा त्रास किंवा घरातला मोठा धक्का. कारण जातं, पण घसा आणि मेंदू ती सवय धरून बसतात. मग ब्रशचा स्पर्श, फोडणीचा वास, एवढंच काय, 'आता उबळ येणार' ही भीतीही पुरते. हा त्रास खरा असतो, फक्त तो फोटोत दिसत नाही.

सवय तशीच हळूहळू मोडावी लागते. ब्रश लहान मुलांचा घ्या, मागच्या दाढांना घाई करू नका, जीभ खरवडू नका, उठल्यानंतर अर्ध्या तासाने आणि कोरडं काही खाऊन मग दात घासा. उबळ येतेय असं वाटलं की पोटाने श्वास घ्या. हात बेंबीवर ठेवा, नाकाने श्वास घेताना हात वर आला पाहिजे, मग तोंडाने सावकाश सोडा. असं आठ-दहा वेळा. पोटाचा पडदा एका वेळी दोन कामं नीट करू शकत नाही, म्हणून हे लागू पडतं. मात्र त्रास नसतानाही रोज सराव हवा, नाहीतर ऐनवेळी जमत नाही. थंड पाण्याचे छोटे घोट, आल्याचा तुकडा, एकदम भरपेट न खाता थोडं-थोडं खाणं. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी, खाटेची डोक्याकडची बाजू विटेने उंच. उपाशीपोटी चहा बंद, हे सर्वांत अवघड.

डॉक्टर कधी कधी अगदी कमी डोसची गोळी देतात, जी जास्त डोसमध्ये नैराश्यासाठी वापरतात. मेडिकलवाला किंवा कुणी शेजारी 'अगं, ही वेड्याची गोळी' म्हणाला की ती बंद होते. ती पोट आणि मेंदू यांच्यातली तार शांत करायला असते. उलट ज्या कॅप्सूलला कुणी नाव ठेवत नाही, ती पित्ताची आणि उलटीची जोडगोळी, वर्षानुवर्षं चिठ्ठीशिवाय घेतली जाते. त्याने बी-१२ कमी होऊ शकतं, आणि उलटीच्या काही औषधांनी हातापायाला थरथर किंवा हृदयाच्या ठोक्यांत गडबड होऊ शकते. काळजीने झोपच उडाली असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि 'कुणीतरी खाऊ घातलंय, ते पोटातून काढावं लागेल' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. तो मिठाचं पाणी किंवा कसलातरी काढा पाजून उलट्या करवतो. त्यात जुनं काही पडत नाही, मात्र घशाला जखम होते, अंगातलं पाणी जातं, आणि आधीच हुळहुळी झालेली उबळ दुप्पट होते.

खर्चाचा हिशोबही बघा. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सगळ्यांना आहे, पण ती ठरावीक उपचार आणि ऑपरेशनसाठी. उमाशांसाठी मारलेल्या दहा ओपीडी फेऱ्या त्यात बसत नाहीत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासणी मोफत केली आहे. सोलापूरचं सिव्हिल वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, तिथे दर आधी विचारा. म्हणून हिमोग्लोबिन, शुगर, क्रिएटिनीन, लघवी तालुक्यालाच करून घ्यावी आणि दुर्बीण लागेल की नाही ते त्यानंतर ठरवावं. विडी वळणाऱ्या बाईचा एक दिवस दवाखान्यात गेला की त्या दिवसाचे हजार गेले. मजुरी नगावर आहे, आजारी पडलेल्या दिवसाची नाही.

नव्या संहितेपुढचा खरा पेच इथेच आहे. कारखान्यात कामगार असेल तर मालकाने तपासणी करायची हे सरळ आहे. पण घर हेच कामाचं ठिकाण असलेल्या बाईला कोण बोलावणार? विडी उद्योगावर पूर्वी कल्याण निधीसाठी उपकर होता. तो २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा रद्द झाला, आणि विडी कामगारांच्या दवाखान्यांचा खर्च सरकारी बजेटवर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं, त्यावर टीव्हीवर भरपूर चर्चा झाली. वळणाऱ्या हातांच्या तपासणीवर तेवढी झाली नाही. संघटनांनी आणि ग्रामपंचायतींनी मागायचं तर एवढंच मागावं की विडीचं ओळखपत्र किंवा पीएफ असलेल्या प्रत्येक बाईला, घरकाम असलं तरी, ही तपासणी मिळावी, आणि ती वस्तीत येऊन व्हावी.

तोपर्यंत एक गोष्ट आपल्या हातात आहे. केसपेपरवर 'व्यवसाय' असा रकाना असतो. तिथे न विचारताच 'गृहिणी' लिहिलं जातं. पुढच्या वेळी ते खोडायला लावा आणि 'विडी काम, इतकी वर्षं, मिसरी लावते' असं लिहून घ्या.