घराण्याची दुसरी वही

मागच्या वर्षी इतिहासाच्या असाइनमेंटसाठी मी ग्लॅडस्टनवर टिपण लिहिलं होतं. चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान, थोर उदारमतवादी, आयर्लंडच्या स्वराज्याचे पुरस्कर्ते वगैरे. दहापैकी आठ गुण मिळाले. वही परत देताना सरांनी एवढंच विचारलं, "या घराण्याचा पैसा कुठून आला, ते बघितलंस का?" नव्हतं बघितलं. बघितल्यापासून ते आठ गुण फुकटचे वाटतात.

पैसा आला व्यापारातून, आणि त्यातला मोठा वाटा साखरेचा. वडील जॉन ग्लॅडस्टन लीथच्या धान्य व्यापाऱ्याचे चिरंजीव. लिव्हरपूलला येऊन ते मोठे झाले, जमैका आणि डेमेरारा (आजचा गयाना) इथे उसाचे मळे घेतले, खासदार झाले. डेमेरारात मात्र ते कधी गेलेच नाहीत. तिथल्या त्यांच्या 'सक्सेस' मळ्यावर १८२३ साली गुलामांचं बंड पेटलं. बंडाचा एक पुढारी होता जॅक ग्लॅडस्टन. आडनावसुद्धा मालकाचंच! त्याचे वडील क्वामिना चॅपेलचे डीकन होते, त्यांना गोळी घातली गेली. पाद्री जॉन स्मिथ यांना फाशीची शिक्षा झाली, पण त्याआधीच, १८२४ मध्ये, ते तुरुंगात वारले.

१८३३ साली तरुण विल्यम ग्लॅडस्टन पार्लमेंटमध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावर बोलायला उभे राहिले, ते वडिलांच्या मळ्याचा कारभार कसा ठीक आहे हे सांगायला. पुढे त्यांचे विचार बदलले, हे खरं. पण गुलामगिरी बंद झाली तेव्हा भरपाई मिळाली ती मालकांना. अडीच हजारांवर माणसांच्या बदल्यात जॉनसाहेबांना एक लाख पौंडांहून जास्त. त्या माणसांना छदामही नाही.

मग उसात राबणार कोण? जॉन ग्लॅडस्टन यांनी कलकत्त्याच्या कंपनीला पत्र लिहिलं, आणि १८३८ च्या मे महिन्यात 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही जहाजं सुमारे चारशे भारतीय मजूर घेऊन डेमेराराला लागली. करार, म्हणजे गिरमिट, पाच वर्षांचं.

तिसऱ्या पिढीतले हर्बर्ट ग्लॅडस्टन १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेचे पहिले गव्हर्नर-जनरल झाले. १९१३ साली नाताळमधल्या उसाच्या मळ्यांवर भारतीय मजुरांनी संप केला, तेव्हा पदावर हेच होते. आजोबांनी सुरू केलेली गोष्ट नातवाच्या दारात येऊन उभी राहिली! ही गिरमिट पद्धत बंद करा, असा ठराव १९१२ मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात मांडणारे होते आपले गोपाळ कृष्ण गोखले. ठराव फेटाळला गेला.

ऑगस्ट २०२३ मध्ये या घराण्याच्या वंशजांनी गयानाला जाऊन जाहीर माफी मागितली. वर्गात चर्चा निघाली तेव्हा मैत्रीण म्हणाली, "खापरपणजोबांचं पाप पोरांनी का फेडायचं?" मला वाटतं, पाप वारशाने येत नाही, पण इस्टेट येते, आडनावाचं वजन येतं, चांगल्या शाळा आणि ओळखीपाळखी येतात. जे घेतलं, त्याचा हिशेब सांगणं तरी आपल्याकडे येतंच. म्हणून ती माफी मला नाटक वाटत नाही. पुरेशीही वाटत नाही. ती पहिली ओळ आहे.

आता घरचं सांगते. बेळगावजवळ आमचा दोन एकर ऊस आहे. बीडकडची टोळी येते, मुकादमाकडून उचल घेतलेली. पहाटेपासून कोयता चालतो, संध्याकाळी बायका वाढे विकतात. गिरमिट आणि हे एकच, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर दोन्हीकडच्या माणसांवर अन्याय होईल. पण बाबांच्या वहीत टनेज आहे, बिलाची तारीख आहे, मुकादमाचा फोन नंबर आहे. तोडणाऱ्या एकाचंही नाव नाही. आणि माझी कॉलेजची फी त्याच वहीतून येते.

या हंगामात टोळी आली की मी नावं विचारून लिहून ठेवणार आहे. तेवढ्याने कोणाची उचल फिटणार नाही, मला ठाऊक आहे. पण उद्या आमच्या घराबद्दल कोणी विचारलं, "पैसा कुठून आला?" तर उत्तर आमच्याच वहीत सापडायला हवं.