तराजू फेकून वजन वाढत नाहीं

शेतकरी व कारागीर बंधूंनो, ‘पिसा’ नांवाच्या जागतिक परीक्षेंत १५ वर्षांच्या मुलांचें वाचन, गणित व विज्ञान तपासतात. २००९ च्या फेरीला तामिळनाडु व हिमाचल प्रदेश बसले. ७४ जणांत गणितांत त्यांच्या खालीं एकटें किरगिझस्तान. विज्ञानांत तर हिमाचल तळाशींच! सरकारनें काय केलें? प्रश्न आमच्या मुलांना परके, असें म्हणून २०१२, २०१५ व २०१८ सालीं पाठ फिरविली. २०२२ सालीं सिंगापूर गणितांत ५७५ गुणांनीं पहिलें आलें. त्या यादींत भारताचें नांवच नाहीं.

माप कमी भरलें म्हणून तराजूच फेकणाऱ्याला बाजारांत काय म्हणतात, तें तुम्ही जाणतां. श्रीमंताचें पोर शिकवणी लावून निभावतें. झांकलेल्या अज्ञानाचा दंड भरतें तें कुणब्या-सुताराचें पोर. म्हणून शाळेकडे हिशेब मागा!