दिवस कुणाला गेले?

मोसंबीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं पाचोड संभाजीनगर-बीड रस्त्यावर, पैठण तालुक्यात आहे. या भागात ‘दिवस उगवला’ म्हणजे सूर्य उगवला. दिवस कासराभर वर आला की कामाला उशीर झाला. दिवस कलला की कापूस वेचणारी बाई गाठोडं बांधायला घेते, आणि दिवस बुडायच्या आत घर गाठायचं असतं. सूर्य, त्याचा उजेड आणि त्या उजेडात होणारं काम, तिन्हींना हा एक शब्द पुरतो.

याच शब्दाचा बायकांच्या बोलण्यातला अर्थ मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘तिला दिवस गेले.’ या वाक्यात कर्ता आहे दिवस. बाई आहे ती नुसती ‘तिला’. पुढं भरतात तेही दिवसच. आणि माणूस गेल्यावर घरचे त्याचे दिवस घालतात. उदरात असल्यापासून तेराव्यापर्यंतचा सगळा हिशेब या शब्दात मावतो, ही मराठीची श्रीमंती आहेच. पण ‘दिवस गेले’ या आडपडद्याच्या बोलण्यात एक गोष्ट दिसेनाशी होते. सोळा वर्षांच्या मुलीबद्दल आणि सव्वीस वर्षांच्या बाईबद्दल आपण अगदी तेच वाक्य बोलतो. घरात पेढे येतात, वय कुणी विचारत नाही.

पाचोडमध्ये ते विचारलं गेलं. डॉ. अशोक दयालचंद यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटचं काम इथं चार दशकांहून अधिक काळ चाललं आहे. मुलीच्या लग्नाचं किमान वय १८ हे कायद्यानं १९७८ मध्येच ठरवलं. तरी १९९७ मध्ये या भागात लग्नाचं मध्यक वय होतं १६. म्हणजे जवळपास निम्म्या नवऱ्या सोळाच्या आतल्या. संस्थेनं अविवाहित किशोरवयीन मुलींसाठी गावागावांत वर्षभराचे जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले. २००१ पर्यंत ते मध्यक वय १७ झालं. एका वर्षाची वाढ कागदावर किरकोळ दिसते. पण त्या एका वर्षात मुलीचं हाड भरतं, एखादी इयत्ता पूर्ण होते आणि पहिलं बाळंतपण तेवढं लांबतं. हा बदल गावातल्याच बायकांनी वर्ग घेऊन आणि आईबापांशी बोलून घडवला, म्हणून मला तो मोठा वाटतो.

लेकीचं लवकर लग्न लावणाऱ्या आईबापांना नुसतं दोषी ठरवून भागणार नाही. मराठवाड्यातून ऊसतोडीला जायचं तर मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’वर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामात सहा-सहा महिने पालावर राहायचं, तर वयात आलेली लेक गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न असतो. साखरशाळा, वसतिगृहं यांची चर्चा खूप होते. हंगाम सुरू व्हायच्या आधी वसतिगृहाचं दार उघडलं, तरच या चर्चेचा उपयोग.

आता मोजणीकडं येऊ. आपण ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतो. तीस दिवसांचा महिना धरला तर ते होतात २७९. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० मोजतात. आजीबाईंची मोजणी आणि दवाखान्याची मोजणी यांत एका दिवसाचं अंतर आहे. अडतं ते सुरुवातीच्या तारखेपाशी. पहिल्या बारा आठवड्यांत नोंदणी व्हायला हवी. तेव्हा नोंदवहीत तारीख हवी असते आणि पोरीला ती आठवत नाही. ‘पाळी पोळ्याच्या आधी आली होती का नंतर? दिवाळीला माहेरी होतीस तेव्हा?’ असं विचारलं की मात्र ती नेमकं सांगते, कारण तिचे दिवस सणवारांना बांधलेले असतात. माझं म्हणणं असं, की आशाताईंच्या हातातल्या कार्डावरच हे प्रश्न या शब्दांत छापले जावेत. ‘गर्भधारणेचा कालावधी’ असं छापून काय मिळतं? ‘किती दिवस झाले?’ हे पाचोडच्या कुठल्याही पोरीला कळतं. त्याच्याच खाली तिचं वय लिहायचा रकाना ठळक हवा. आणि हे दोन्ही प्रश्न सासूला विचारू नयेत, तिला विचारावेत.